जोडीदाराचं मानसिक दुखणं आणि आपली तब्येत: या चुका टाळा

नवऱ्याला शुगर निघाली की गल्लीभर कळतं. कुणी कारल्याचा रस सांगतं, कुणी मेथी. तोच माणूस रात्र-रात्र जागा राहून अंगणात फेऱ्या मारायला लागला, भिंतीशी बोलायला लागला, की घरची बाई दारातूनच लोकांना परतवते: "काय नाही ओ, जरा अशक्तपणा आलाय." उलट बाजूही तशीच. बायकोला बाळंतपणानंतर काहीतरी झालंय हे उद्यमबागेतल्या कारखान्यात बरोबर काम करणाऱ्यालाही नवरा सांगत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या मराठी घरांत हे झाकणं भारी पडतं, कारण झाकलं की सगळं एकाच माणसावर येतं. रात्री जागायचं त्यानं, गोळ्या द्यायच्या त्यानं, दवाखान्यात कन्नडमध्ये बोलायचं त्यानं, पाहुण्यांना थापा मारायच्या त्यानं, आणि सकाळी पोरांचे डबेही त्यानंच भरायचे. दोन-चार आठवड्यांत घरात एकाऐवजी दोन आजारी माणसं होतात. खालच्या बहुतेक चुका या एकटं पडण्यातूनच निघालेल्या आहेत.

गावभर नको, पण तिघांना सांगा

सगळ्यांना सांगायची गरज नाही. एक सासरचं माणूस, एक माहेरचं आणि एक शेजारचं, एवढं पुरतं. सासरचं एक तरी हवंच. नाहीतर पुढे काही झालं की "आमच्या पोराला हिनंच वेडं ठरवलं" हे ऐकावं लागतं. भावोजींना एक रात्र घरी झोपायला बोलवा, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. आपण दहा वेळा सांगून जे पटत नाही ते त्या एका रात्रीत पटतं.

मदत मागतानाही लोक चुकतात. "काही लागलं तर सांग गं" म्हणणाऱ्याला आपण "हो" म्हणतो आणि विषय संपतो. त्याला लगेच काम द्या. बुधवारी रात्री दहा ते तीन तुम्ही जागा, मला झोपू दे. शनिवारी पोरांना तुमच्याकडे ठेवा. धारवाडला जाताना बरोबर या. नेमकं काम सांगितलं की लोक येतात, आणि जे येत नाहीत तेही कळतात.

पोरांनाही सांगावं लागतं. "बाबांच्या डोक्याला आजार झालाय, औषध चालू आहे, यात तुझी काही चूक नाही" एवढं सात-आठ वर्षांच्या मुलाला कळतं. न सांगितलेलं मूल स्वतःलाच दोष देत बसतं.

बाहेरचं लागलंय म्हणून थांबणं

अंगारा लावला, देवाला नारळ फोडला, यावर घरात भांडण काढू नका. सासूबाईंच्या मनाचं समाधान होत असेल तर होऊ दे. पण अंगाऱ्याबरोबर डॉक्टर, अंगाऱ्याच्या जागी डॉक्टर नव्हे. आणि मारहाण, धूर देणं, बांधून ठेवणं सुरू झालं की तिथून माणसाला उठवून आणायचं. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे.

दोन प्रसंग मात्र असे आहेत की तिथे एक दिवसही थांबू नये, आणि नेमक्या याच दोन प्रसंगांत आपल्याकडे थांबतात.

पहिला दारूचा. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस एखाद्या दिवशी माळ घालतो आणि त्या दिवसापासून बाटली बंद. घरात आनंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, कधी फिट येते. लोक म्हणतात, नेम पाळताना काहीतरी चुकलं असेल. पण हे दारू एकदम तुटल्यामुळे होतं आणि जिवावर बेतू शकतं. 108 ला फोन करून सरळ मोठ्या इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्यायचं आणि "रोज किती प्यायचे, शेवटची कधी घेतली" हे खरं सांगायचं. माळ जरूर घालावी, पण आधी डॉक्टरांना विचारून.

दुसरा बाळंतिणीचा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाई अजिबात झोपेना, असंबद्ध बोलायला लागली, बाळाबद्दल विचित्र संशय घ्यायला लागली, तर ती बाळंतवाताची नाटकं नव्हेत. दर हजार बाळंतपणांत एक-दोघींना असा तीव्र आजार होतो. लवकर उपचार मिळाले तर बाई चांगली बरी होते. तोवर बाळाला तिच्याजवळ एकटं ठेवायचं नाही. बाई माहेरी असते, नवरा शनिवारी येतो, आणि आई "बाळंतीण आहे, होतं असं" म्हणत दिवस काढते. नवऱ्यानं शनिवारची वाट बघू नये.

साठीच्या पुढच्या माणसाचं डोकं एका दिवसात फिरलं तरी आधी ताप, साखर, रक्तातलं मीठ तपासून घ्यावं. तो कित्येकदा शरीराचा आजार निघतो.

वाद घालणं, हो ला हो म्हणणं

"शेजारचा आपल्यावर पाळत ठेवतोय" असं नवरा म्हणतो. बायको पुरावे देते: अहो, ते तर चार दिवस गोव्याला गेलेत. त्यानं संशय कमी होत नाही, त्या संशयात आता बायकोही येते. वैतागून "हो, ठेवतोय पाळत" म्हटलं तर आग आणखी भडकते. मधली वाट अशी: "मला तसं काही दिसलं नाही, पण तुम्ही घाबरलाय हे दिसतंय. मी इथेच आहे." आवाज खाली, टीव्ही बंद, खोलीत माणसं कमी.

जेवणातून गुपचूप गोळी देणं हीसुद्धा घराघरातली चूक. गोळी कुटून आमटीत घातली की आजचा दिवस निघतो, कबूल. पण ज्याला आधीच वाटतंय की जेवणात काहीतरी कालवतात, त्याला एक दिवस वाटीच्या तळाशी पांढरा चुरा दिसतो. त्याचा संशय खरा ठरलेला असतो. मग तो घरचं जेवणच सोडतो, डॉक्टरवरचाही विश्वास उडतो. शिवाय किती गोळी पोटात गेली याचा हिशेब राहत नाही, आणि अंग आखडायला लागलं तर ते कशानं, हे त्या माणसाला सांगताही येत नाही. गोळी घेत नाहीत हे डॉक्टरांना उघड सांगा. तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या असतात, काही आजारांत दोन-चार आठवड्यांतून एकदा द्यायचं इंजेक्शनही असतं.

दवाखान्यात दुभाष्याचं काम एकट्यानं करणं

हा आपल्या भागाचा खास त्रास. धारवाडला डिम्हान्स आहे, बेळगावपासून पाऊणशे किलोमीटरवर, मानसिक आजारांसाठीच असलेलं मोठं सरकारी इस्पितळ. पण डॉक्टर कन्नडमध्ये विचारतात, खानापूरच्या खेड्यातला माणूस मराठीत बोलतो, आणि मध्ये बायको. नवरा सांगतो, "जगण्यात राम नाही, विहीर बघून ठेवलीय." बायकोला ते सगळ्यांसमोर बोलवत नाही. ती कन्नडमध्ये सांगते, थोडे उदास असतात. डॉक्टर थोड्या उदासपणाचं औषध लिहितात. चूक कुणाची म्हणायची?

कन्नड चांगलं येणारं, पण नवरा-बायकोपैकी नसलेलं माणूस बरोबर न्या. पुतण्या, मेहुणी, कॉलेजला जाणारी शेजारची मुलगी. स्वतःच्या पोराला मात्र या कामाला लावू नका. "त्यांच्याशी थोडा वेळ मराठीतच बोलाल का?" असं विचारायलाही लाजू नका. या पट्ट्यातल्या बऱ्याच डॉक्टरांना ऐकण्यापुरती मराठी येते. आणि आपल्याला जे नवऱ्यासमोर सांगता येत नाही त्यासाठी पाच मिनिटं वेगळी मागा.

एक वही ठेवा. तारीख, किती तास झोप, गोळी घेतली का, जेवण, आणि त्या दिवशीची एखादी वेगळी गोष्ट. वहीच्या पानावर 3, 2, 0, 0, 4 असे झोपेचे तास एकाखाली एक दिसले की डॉक्टरला दुभाष्या लागत नाही. चिठ्ठी कन्नडमध्ये असेल तर औषधवाल्याकडून प्रत्येक पाकिटावर सकाळ-रात्र मराठीत लिहून घ्या.

दर वेळी धारवाडच गाठावं असंही नाही. कर्नाटकात मनोचैतन्य योजनेत तालुका इस्पितळात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ बसण्याची सोय केलेली आहे. आपल्या तालुक्यात कुठल्या मंगळवारी येतात ते आधी फोन करून विचारा. जिल्हा पातळीवर मानसिक आरोग्यसेवा देण्याचा देशातला प्रयोगच मुळी 1980 च्या दशकात कर्नाटकातल्या बळ्ळारीत झाला. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा नंबर ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. चोवीस तास, फुकट, आणि भाषा निवडता येते. रुग्णालाच बोलावं लागतं असं नाही, तुम्ही स्वतःसाठीही करू शकता.

मरणाची गोष्ट टाळणं

विचारलं तर त्यांच्या डोक्यात येईल, या भीतीनं कुणी विचारत नाही. विचारल्यानं विचार येत नाही, उलट आलेला बाहेर पडायला वाट मिळते. आडून नको, सरळ विचारा: "अहो, जीव द्यावासा वाटतोय का?" हो म्हणाले, किंवा गप्प राहिले, तर एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना.

त्याआधी एक काम. उसावर, तंबाखूवर मारायच्या औषधाचे डबे घरातून, गोठ्यातून, परड्यातून हलवा. कुलूप लावून भागत नाही, किल्ली कुठे असते ते घरात सगळ्यांना माहीत असतं. सरळ भावकीत दुसऱ्याच्या घरी ठेवा. गोळ्यांची महिनाभराची पाकिटंही हाताशी नकोत, दोन-तीन दिवसांच्याच बाहेर काढा. आत्महत्येचा प्रयत्न झालाच तर पोलिस केसच्या भीतीनं दवाखाना लांबवू नका. 2017 च्या कायद्यानुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याला शिक्षा नव्हे तर उपचार देणं ही सरकारची जबाबदारी आहे.

याच कायद्यात आणखी एक कामाची गोष्ट आहे. आपण आजारी पडलो तर आपल्या वतीनं कुणी बोलायचं, हे माणूस बरा असताना साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा करून ठेवू शकतो. बरं वाटायला लागल्यावर शांतपणे बसून हा कागद करा. पुढच्या वेळी भरती करताना दीर म्हणतो एक आणि मेहुणा म्हणतो दुसरं, हे टळतं.

पैशांचंही बघायला हवं. अतिउत्साहाच्या झटक्यात माणूस जमिनीचा सौदा करतो, संघातून कर्ज उचलतो, मित्राला मोबाईलवरून पैसे पाठवतो. उतारा, पासबुकं, दागिने थोड्या दिवसांसाठी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. लपवल्याचं नाटक नको, "डॉक्टरांनी सांगितलंय, बरं वाटेपर्यंत सह्या नको" असं सांगा. डॉक्टरांना तसं सांगायला आधीच लावा म्हणजे खोटंही ठरत नाही.

मार खाऊन सेवा करणं

आजारी आहेत म्हणून हात उचलतात, सोसायचं, असं शहाणीसुरती माणसंही बाईला सांगतात. मला हे अजिबात मान्य नाही. आजारपणात राग येतो हे खरं, पण मार खाऊन तो आजार बरा होत नाही. दाराकडे पाठ करून बसू नका, विळी-कोयता नजरेआड ठेवा, आणि हात उठतोय असं वाटलं की पोरांना घेऊन शेजारी जा. मग 112. नंतर परत येऊन औषधपाणी करता येतं.

स्वतःचा केसपेपर न काढणं

जोडीदाराची फाईल जाड होत जाते आणि आपल्या बीपीच्या गोळ्या महिनाभर आणलेल्याच नसतात. दुपारचं जेवण म्हणजे उभ्यानं चहा आणि दोन पाव. डोकं दुखतंय म्हणून रोज दुखण्याची गोळी.

सगळ्यात आधी झोप सांभाळा. सलग पाच तास तरी, आठवड्यातून निदान चार रात्री, दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर. दर रात्र अर्धवट डोळा लावून काढली तर महिन्याभरात तुमचाच तोल जातो, पोरांवर हात उठतो, गाडी चालवताना डुलकी लागते. पाळी लावायला माणूस नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा: "घरी मी एकटीच आहे, दहा दिवस झोप नाही." भरती करायचं की नाही हे ठरवताना या माहितीला वजन असतं. चार दिवस भरती केलं म्हणजे आपण टाकून दिलं असं होत नाही.

त्यांना दाखवायला नेलं की त्याच दिवशी त्याच इस्पितळात आपलाही केसपेपर काढा. बीपी, साखर, हिमोग्लोबिन. पंधरा दिवसांहून जास्त झोप उडालेली असेल, उगाच रडू येत असेल, "मीच मेले तर सुटेन" असं वाटत असेल, तर तेही तिथेच बोला. पुरुषांनी तर जास्तच. ते रडत नाहीत, संध्याकाळी प्यायला बसतात.

गल्लीत बोलता येत नसेल तर असंच घर असलेल्या माणसांशी बोला. पुण्यातली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन 1997 साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी काढली. त्यांच्या स्वतःच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशय येणारा आजार, होता. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या बाईचा फोन नंबर घेतला तरी चालतं. तिला काही समजावून सांगावं लागत नाही.

आणि एक वेळ सांभाळा, जी कुणाच्या लक्षात येत नाही. माणूस बरा होऊन घरी आला, झोपायला लागला, हसला, की आधाराला आलेली माणसं आपापल्या घरी जातात. तेव्हाच सांभाळणारा आडवा होतो. इतके दिवस दाबलेला ताप, पाठ, रडू सगळं एकदम वर येतं. त्याच सुमाराला रुग्णही म्हणतो, "मी बरा झालो, गोळ्या कशाला?" नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायलाच दोन ते सहा आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही त्या कित्येक महिने चालू ठेवाव्या लागतात. डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केल्या की आजार पुन्हा उसळतो. म्हणून भावोजींची बुधवारची रात्र डिस्चार्ज झाल्यावरही निदान दोन महिने चालू ठेवा, आणि पुढच्या तपासणीची तारीख त्यांच्याही मोबाईलमध्ये टाकून द्या.