फरशीचा रंग ठरवण्याआधी केराची सुपली बघा

भिंतीचा रंग पाच वर्षांनी कंटाळा आला म्हणून बदलता येतो. फरशी बदलायची तर सामान हलवा, तोडफोड करा, राबिट उचला, शेजाऱ्यांची बोलणी खा. म्हणून हा रंग टाइल्सच्या दुकानात ठरवू नका. तो घरी ठरवा आणि मग दुकानात जा.

सुरुवात केरापासून करा. सकाळी झाडून झाल्यावर सुपलीत काय आलं ते नीट बघा. कोकणात घराभोवती जांभ्याची तांबडी माती असते, विदर्भ-मराठवाड्यात काळी, आणि पुण्या-मुंबईत आसपास बांधकाम चालू असेल तर सिमेंटसारखी करडी भुकटी. त्यात काळे केस आणि स्वयंपाकघरातलं सांडलेलं पीठ. तुमची फरशी दिवसभर हे सगळं अंगावर घेणार आहे. पांढऱ्याशुभ्र फरशीवर प्रत्येक केस दिसतो. काळ्या किंवा गडद चॉकलेटी फरशीवर धूळ, पीठ आणि ओल्या पायांचे ठसे त्याहून जास्त दिसतात. ‘काळ्यावर घाण दिसत नाही’ हा समज ज्यांनी काळी चकचकीत फरशी घातली त्यांना विचारून बघा.

लपवतात ते मधले रंग: बेज, वाळूचा रंग, फिकट राखाडी, मातकट. त्यातही एकसपाट रंगापेक्षा बारीक ठिपके किंवा पुसट रेघा असलेली टाइल बरी. जुन्या चाळींत आणि सोसायट्यांत मोझॅकची लादी इतकी वर्षं टिकली त्यामागे मजबुती तर आहेच, पण तिच्या ठिपक्यांत सांडलेली मोहरीसुद्धा दिसायची नाही! कोकणातल्या घराला मात्र राखाडीपेक्षा तांबूस बेज घ्या. तांबड्या मातीचे ठसे राखाडीवर उठून दिसतात.

पुढे घरात काय बदलणार नाही त्याची यादी करा. ओट्याचा ग्रॅनाइट, दरवाजांचं लाकूड, खिडक्यांच्या चौकटी, मोठं कपाट. सागाचे पिवळसर दरवाजे असतील तर निळसर राखाडी फरशी त्यांच्याशी भांडते, बेज जुळते. सोफ्याची आणि पडद्यांची चिंता आत्ता करू नका, ते बदलतील.

आता दुकान. दोन-तीन रंग पसंत करा आणि प्रत्येकाची एक पूर्ण टाइल घरी मागा. बहुतेक दुकानदार अनामत घेऊन देतात. नाही दिली तर एक विकत घ्या. दुकानात टाइल उभी लावलेली असते आणि वरून प्रखर दिव्यांचा झोत असतो. घरी ती जमिनीवर आडवी ठेवा, खिडकीपाशी एकदा आणि खोलीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकदा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून बघा. ३००० केल्विनच्या पिवळसर एलईडीत आयव्हरी रंग पिवळट होतो, ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात राखाडी निळसर वाटतो. पश्चिमेची मोठी खिडकी असेल तर फिकट चकचकीत टाइलवर संध्याकाळचं ऊन डोळ्यांवर येतं. तिथे तोच रंग मॅटमध्ये घ्या.

घरात आजी-आजोबा असतील तर इथे जरा थांबा. नजर कमी झालेल्या माणसाला फिकट फरशीतला गडद पट्टा पायरी किंवा खड्डा वाटू शकतो, आणि पाऊल अडखळतं. म्हणून मधोमध गडद चौकट किंवा ठळक नक्षी टाळा. जिथे खरोखर उंची बदलते, म्हणजे बाथरूमचा उंबरा किंवा बाल्कनीची पायरी, तिथे मात्र मुद्दाम वेगळा रंग द्या. बाथरूममध्ये पांढऱ्या कमोडखाली पांढरी फरशी नको, मध्यम राखाडी किंवा तपकिरी घ्या म्हणजे कमोड कुठे आहे ते रात्रीही कळतं. तिथला पृष्ठभाग मॅटच हवा. घसरण्याविरुद्धची पकड आर-९ ते आर-१३ अशी मोजतात. बाथरूमला आर-१० किंवा आर-११ मागा. त्याहून खरखरीत घेतली तर घासताना हात दुखतील. बोअरचं जड पाणी असेल तर बाथरूमला काळी टाइल नकोच, क्षारांचे पांढरे डाग तिच्यावर लगेच दिसतात.

खोलीखोलीत वेगळा रंग घालायचा मोह होतो. लहान फ्लॅटमध्ये हॉल, पॅसेज आणि बेडरूमला एकच टाइल घाला. घर सलग दिसतं आणि उरलेले तुकडे दुसऱ्या खोलीत वापरता येतात.

सांध्यांचा रंग बहुतेक जण गवंड्यावर सोडतात आणि तो पांढरं ग्राउट भरून मोकळा होतो. स्वयंपाकघरात हळद आणि तेल लागून ते लवकरच पिवळं-काळं पडतं. ग्राउट टाइलच्याच रंगाचं, पण एक छटा गडद घ्या. स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये एपॉक्सी ग्राउट महाग पडलं तरी घ्या, ते डाग शोषत नाही. मात्र ते वाळायच्या आत टाइलवरून पुसलं गेलंच पाहिजे, तेव्हा समोर उभे राहा.

शेवटी हिशेब. १२ बाय १० फुटांची खोली म्हणजे १२० चौरस फूट. कापण्या-फुटण्यासाठी दहा टक्के धरून १३२, आणि त्याच टाइलची चार इंची स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याची पट्टी, लावणार असाल तर आणखी साधारण १४. दोन बाय दोन फूट म्हणून विकल्या जाणाऱ्या (प्रत्यक्षात ६० बाय ६० सेंटिमीटरच्या) चार टाइल्सच्या बॉक्समध्ये सुमारे साडेपंधरा चौरस फूट माल असतो, म्हणजे १० बॉक्स. ११ घ्या. सगळ्या बॉक्सवरचा बॅच आणि शेड नंबर एकच आहे ना, हे टेम्पोतून उतरवतानाच तपासा. त्याच नावाची टाइल दुसऱ्या बॅचमध्ये किंचित वेगळी निघते आणि ते लावल्यावरच कळतं. गवंड्याला सांगून तीन-चार बॉक्स एकदम उघडा, टाइल्स मिसळा, खाली सिमेंट न घालता नुसत्या मांडून बघा. अकरावा बॉक्स माळ्यावर ठेवा आणि त्याच्या लेबलचा फोटो काढून घरातल्या दोघांच्या तरी फोनमध्ये असू द्या.