सिग्नलला थांबलात तरी बाइक पहिल्या गिअरमध्येच ठेवा

लाल दिवा लागला की बहुतेक जण गाडी न्यूट्रलला टाकून मोबाइल काढतात. पण मागून येणाऱ्याचे ब्रेक लागले नाहीत, तर निसटायला एक-दोन सेकंदच मिळतात. म्हणून मागे एखादी गाडी पूर्ण थांबेपर्यंत क्लच दाबून पहिल्या गिअरमध्येच राहा, नजर आरशात ठेवा. डावा पाय जमिनीवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, म्हणजे ब्रेकचा लाल दिवा पेटलेला राहतो. पुढच्या गाडीला चिकटू नका, बाजूने निघता येईल एवढी जागा सोडा.

मागची गाडी थांबली की पेट्रोल वाचवायला इंजिन जरूर बंद करा, पण रात्री चावी फिरवू नका. चावीने मागचे दिवेही जातात आणि अंधारात तुम्ही कुणाला दिसतच नाही. उजव्या मुठीजवळचं लाल बटण वापरा; ब्रेकचा दिवा चालू राहतो.

बस किंवा डंपरच्या डाव्या बाजूला तर अजिबात घुसू नका. तो डावीकडे वळला की मागची चाकं आतून कापत येतात, आणि ड्रायव्हरला तुम्ही दिसलेलेच नसता. हिरवा लागल्यावरही आधी उजवीकडे बघा, सिग्नल तोडून येणारा हमखास असतो.