एक पलंग, दोन पांघरुणं

लग्नानंतरचा पहिला शरद ऋतू. पहाटे गारवा उतरू लागला की पांघरुणाची ओढाओढ सुरू होते: एकाला उकडतं, दुसऱ्याचे पाय गार.

मोठ्या डबल ब्लँकेटच्या भानगडीत पडू नका. साधारण ६० × ९० इंचांची दोन सिंगल घ्या, एक जाड, एक पातळ. मधोमध दोन्हींच्या कडा वीतभर एकमेकांवर येऊ द्या, म्हणजे फटीतून वारा शिरत नाही. सकाळी वरून एकच चादर पसरा. (वेगळं पांघरूण म्हणजे अबोला नव्हे!) धुतानाही एकेक मशीनमध्ये सहज मावतं.

फक्त लोकरीचं असेल तर गरम पाण्यात घालू नका, आटतं. कपाटातून काढल्यावर आधी दोन तास ऊन दाखवा.