नवी ऑफ-रोड गाडी: पहिल्या राइडला या चुका टाळा

"सस्पेन्शन कडक आहे." "पुढचं चाक मातीत घसरतं." "गाडी फार उंच आहे." हिरोची एक्सपल्स २०० ४व्ही ही ऑफ-रोड बाइक नवी घेतलेल्या माणसाकडून पहिल्या रविवारी या तीन तक्रारी हमखास येतात, आणि संध्याकाळपर्यंत गाडीचा निकालही लावून झालेला असतो. अहो, पुढे १९० मिमी आणि मागे १७० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली होण्याची जागा) असलेली गाडी कडक वाटत असेल तर आधी टायरातली हवा मोजा. डिलिव्हरीला बरेचदा ३५-३८ पीएसआय (हवेचा दाब) भरलेली असते. एवढ्या हवेत टायर दगडावर चेंडूसारखा उडतो आणि बोलणी सस्पेन्शन खातं.

आता दुसरं टोक. कुठल्यातरी व्हिडिओत बघून १० पीएसआयवर यायचं. व्हिडिओतल्या गाडीला रिम लॉक असतो, म्हणजे टायर रिमवर घट्ट दाबून धरणारी क्लॅम्प. आपल्या गाडीला तो नाही आणि आत ट्यूब आहे. मुळशीपलीकडच्या कच्च्या वाटेवर हा धडा एका चौकडीला पुरता मिळाला. चढावर थ्रॉटल पिळला, चाक फिरलं आणि टायर रिमवरून थोडा सरकला. असं चार-पाच वेळा झालं. टायरासोबत ट्यूबही ओढली गेली, व्हॉल्व मात्र रिमच्या भोकात अडकलेला, त्यामुळे तो बुडापासून फाटला. भोकाला पॅच लागतो, फाटलेल्या व्हॉल्वला लागत नाही. चौघांच्या सामानात दोन ॲक्शन कॅमेरे होते, ट्यूब एकही नव्हती. गाडी टेम्पोत घालून आणावी लागली.

म्हणून आकडे लिहून ठेवा. माती-चिखलात पुढे १८-२०, मागे २०-२२. जांभ्याच्या दगडावर दोन्हीकडे २४, नाहीतर ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. रिम लॉकशिवाय १५ च्या खाली कधीच नाही. हवा टायर गार असताना मोजायची आणि स्वतःच्या गेजने. पंपावरच्या यंत्रावर विसंबू नका. व्हॉल्वचा नट रिमला आवळायचा नाही, तो वर टोपीला टेकवून ठेवायचा. टायर सरकू लागला की व्हॉल्व तिरका दिसतो आणि फाटायच्या आत कळतं. जवळ एकच ट्यूब ठेवायची असेल तर २१ इंची ठेवा. ती मागच्या १८ इंची चाकात घड्या पडून का होईना, घरी येईपर्यंत चालते. १८ इंची ट्यूब कम्यूटर गाड्यांमुळे गावातही मिळून जाते. २१ इंची मिळत नाही. डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा परत भरायची, एवढं तरी आळस न करता करा.

चेन. "लोंबतेय" म्हणून ओळखीच्या मेकॅनिककडून ताणून घेणारे खूप. लांब ट्रॅव्हलच्या गाडीची चेन स्टँडवर सैलच दिसली पाहिजे. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा दांडा, दबत वर येतो तेव्हा पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्मचा पिव्हट (तो जिथे फिरतो तो सांधा) आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात, आणि त्या क्षणी चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. स्टँडवरच ती टाइट असेल तर खड्ड्यात तो ताण गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. वर सस्पेन्शन पूर्ण दबत नाही ते वेगळंच. मॅन्युअलमधला आकडा पाळा, मग दोन जणांना सीटवर बसवून खालच्या बाजूने बोट लावा. तेव्हाही थोडी ढिलाई उरली पाहिजे.

पहिले १००-१५० किलोमीटर टायर गुळगुळीत असतात. साच्यातून निघताना लागलेला थर घासून जायला तेवढं अंतर लागतं. तोवर ओल्या डांबरावर गाडी तिरकी घालू नका, आणि "ग्रिप नाही" असंही म्हणू नका.

उंची: सीट ८२५ मिमी. दोन्ही पाय सपाट टेकायला हवेत हा हट्ट सोडा, एक टाच पुरते. गाडी बुटकी करणारी लोअरिंग लिंक मागच्या सस्पेन्शनला लावून घेतली की पहिला दगड इंजिनखालच्या प्लेटला लागतो. ज्या क्लिअरन्ससाठी, म्हणजे जमिनीपासूनच्या उंचीसाठी, पैसे मोजले तोच कमी करून घ्यायचा, हा शॉर्टकट मला आजवर कळलेला नाही.

उभं राहून चालवताना मनगट दुखतं? क्लच-ब्रेकचे लिव्हर बसण्याच्या कोनात आहेत, थोडे खाली फिरवा. क्लॅम्पचे बोल्ट पूर्ण आवळू नका. पडल्यावर लिव्हर फिरला पाहिजे, तुटायला नको.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आधी समजून घ्या. एक्सपल्सला सिंगल चॅनेल, म्हणजे फक्त पुढच्या चाकाला. मागचं चाक लॉक होणारच. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० सारख्या ड्युअल चॅनेल (दोन्ही चाकांना एबीएस) गाडीत खडीच्या उतारावर मागच्या चाकाचा एबीएस बंद करावा लागतो, नाहीतर ब्रेक दाबूनही गाडी घरंगळत राहते.

क्लच अर्धा दाबून चढ चढू नका. जळका वास आला की थांबा.

आणि पाणी. ओढ्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारायचा नाही. हा मोह फार महागात पडतो. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलत बाहेर काढा. एअरबॉक्सची (एअर फिल्टरच्या डब्याची) ड्रेन नळी उघडा, फिल्टर बघा, स्पार्क प्लग काढा, त्याची वायर प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, आणि मगच सेल्फ मारून पाणी उडवून टाका. तोंड भोकासमोर नको. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर इंजिन चालू न करता गाडी उचलून न्या. प्लगचा पाना टूलकिटमध्ये आहे का, हे ओढ्यापर्यंत जाण्याआधी बघायचं असतं.

घरी आलात की चाक उचलून फिरवा आणि प्रत्येक स्पोकवर पाना हलका आपटा. "टिंग" वाजला तर ठीक, "थड" वाजला तर तो सैल. नव्या चाकाचे एक-दोन तरी सैल सापडतात. निपल (स्पोकच्या टोकाचा नट) पाव फेऱ्यापेक्षा जास्त आवळू नका. चारपेक्षा जास्त सैल निघाले तर चाक ट्रूइंग करणाऱ्याकडे, म्हणजे स्पोक जुळवून चाक सरळ करणाऱ्याकडे, द्या.