नवा चित्रपट पाहून मत कसे लिहावे

नवा चित्रपट शुक्रवारी लागतो आणि शनिवारी सकाळच्या चहापर्यंत त्याच्याविषयीची मते घरोघरी पोहोचलेली असतात. ‘एकदा बघायला हरकत नाही’, ‘मध्यंतरानंतर ढेपाळला’, ‘नायिकेने भाव खाल्ला’, ‘पैसे वसूल’ ही वाक्ये वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली आहेत की ती कोणत्याही चित्रपटाला चिकटवता येतात. मी ठाण्यात राहतो, बहुतेक चित्रपट ठाण्यात नाहीतर नवी मुंबईतल्या वाशीला पाहतो, आणि गेली काही वर्षे प्रत्येक नव्या चित्रपटावर वहीत एक-दोन पानांचे टिपण करतो. त्या सवयीतून जी पद्धत हाती लागली ती येथे मांडत आहे. तिच्यात नियम म्हणावा असा एकच आहे: आधी प्रसंग लिहायचा आणि मग मत, ज्या मतामागे प्रसंग उभा करता येत नाही, ते वहीत उतरवायचे नाही.

टिपणाची सुरुवात चित्रपटगृहात शिरण्यापूर्वीच होते. पानाच्या माथ्यावर तारीख, चित्रपटगृह, पडद्याचा क्रमांक, खेळाची वेळ, भाषा आणि खुर्ची कोणत्या रांगेत होती हे लिहून ठेवावे. हा कारकुनी थाट वाटेल, पण पुढे प्रत्येक नोंदीचा उपयोग होतो. शुक्रवारी सकाळी साडेनऊच्या खेळाला दहा-बारा माणसांत पाहिलेला विनोदी चित्रपट आणि तोच रविवारी संध्याकाळी भरलेल्या सभागृहात पाहिलेला चित्रपट यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण हसू संसर्गजन्य असते. रिकाम्या खुर्च्यांत बसून ‘विनोद जमले नाहीत’ असा निकाल देताना आपण कोणत्या खेळाला होतो हे वाचणाऱ्याला सांगितलेच पाहिजे. भाषेचेही तसेच आहे. नवी मुंबईत मल्याळम आणि तमिळ चित्रपटांचे मूळ भाषेतले खेळ सहज मिळतात. दाक्षिणात्य चित्रपटाची हिंदी आवृत्ती पाहून नटाच्या आवाजाविषयी किंवा संवादफेकीविषयी बोलणे म्हणजे दुसऱ्याच्याच कामाचे श्रेय त्या नटाला देणे होय. शक्य असेल तर मूळ भाषेतला खेळ निवडावा, नसेल तर हिंदी आवृत्ती पाहिल्याचे स्पष्ट लिहावे आणि आवाजाबद्दल मौन बाळगावे.

जाहिराती, आगामी चित्रपटांच्या झलकी आणि राष्ट्रगीत झाल्यावर काही क्षण सेन्सॉरचे प्रमाणपत्र दिसते, ते बहुतेक प्रेक्षक पॉपकॉर्न सावरण्यात घालवतात. त्यावर चित्रपटाची लांबी मिनिटांत दिलेली असते आणि कोणत्या वयोगटासाठी तो आहे हेही असते. २०२४च्या नव्या नियमांनुसार जुन्या ‘यूए’ वर्गाचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या चित्रपटांच्या वर्गाचे, ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे झाले आहेत. लांबीचा आकडा लक्षात ठेवावा आणि मध्यंतर झाले की घड्याळ पाहावे. ‘फार लांबला’ ही तक्रार सर्वांत सोपी आणि सर्वांत पोकळ तक्रार आहे. १५० मिनिटांच्या चित्रपटातली ९० मिनिटे मध्यंतरापूर्वी गेली होती हे ठाऊक असेल, तर दोष कोणत्या अर्ध्यात आहे हे बोट ठेवून सांगता येते. येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडचा पटकथाकार मध्यंतराची जागा धरूनच लिहितो, त्यामुळे त्या जागेबद्दल त्याला जाब विचारता येतो. परदेशी चित्रपट बहुधा सलग पाहण्यासाठी बनवलेले असतात आणि त्यांना मध्यंतर आपल्या चित्रपटगृहात पाडले जाते, म्हणून ऐन पाठलागात दिवे लागले तर राग दिग्दर्शकावर काढू नये. पात्राने सिगारेट पेटवताच पडद्याच्या तळाशी उमटणाऱ्या इशाऱ्याच्या ओळीबद्दलही हेच म्हणावे लागेल. ती कायद्याने येते, छायाचित्रकाराने ती मागितलेली नसते.

चित्रपटाचा दोष आणि चित्रपटगृहाचा दोष वेगळे करणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे, आणि तो मी स्वतः ठेच लागूनच शिकलो. ठाण्यातल्या एका पडद्यावर पाहिलेल्या एका चित्रपटाविषयी मी वहीत मोठ्या आत्मविश्वासाने लिहिले होते की छायाचित्रण अकारण काळोखे आहे, रात्रीच्या प्रसंगांत चेहरेच दिसत नाहीत आणि दिग्दर्शकाने गूढपणाच्या नावाखाली प्रेक्षकाला चाचपडत ठेवले आहे. पुढच्या आठवड्यात मेहुण्याच्या आग्रहाखातर तोच चित्रपट वाशीला पुन्हा पाहावा लागला. ज्या स्वयंपाकघरात मला आधी केवळ दोन सावल्या दिसल्या होत्या, तेथे ओट्यावरचा पितळी डबा, भिंतीवरची दिनदर्शिका आणि आईच्या गालावरचा ओघळ हे सारे लख्ख दिसत होते. काळोख चित्रपटात नव्हताच, तो त्या पहिल्या सभागृहात होता.

त्यामागची कारणे साधी असतात. डिजिटल प्रक्षेपणाच्या मानकानुसार पडद्याच्या मध्यभागी १४ फूट-लँबर्ट, म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे ४८ कँडेला, इतकी प्रखरता अपेक्षित असते. प्रक्षेपकातला झेनॉन दिवा जुना झाला की ती उतरते. त्रिमितीय खेळासाठी लावलेले उपकरण साध्या खेळाच्या वेळी काढले नाही तर ती आणखी घसरते. आणि त्रिमितीय खेळांसाठी वापरला जाणारा चंदेरी पडदा असेल तर कडेच्या खुर्चीवरून पडद्याची एक बाजू मंद दिसते. म्हणून चित्र काळोखे वाटले तर आधी तीन गोष्टी तपासाव्यात. त्याच सभागृहात खेळापूर्वीच्या जाहिरातीही मळकट दिसत होत्या का, चित्रपटातले दिवसाचे, उघड्या माळावरचे प्रसंगही राखेसारखे दिसतात का, आणि पडद्याचा मध्य व कडा यांत फरक आहे का. यांपैकी दोन उत्तरे होकारार्थी आली तर छायाचित्रकाराला संशयाचा फायदा द्यावा आणि मध्यंतरात व्यवस्थापकाकडे तक्रार करावी. आवाजाचीही अशीच परीक्षा घेता येते. संवाद ऐकू येत नसतील पण ढोल-ताशे कानठळ्या बसवत असतील, तर संवाद मुख्यतः ज्या पडद्यामागच्या मधल्या ध्वनिक्षेपकातून येतात तो क्षीण असण्याची शक्यता आहे. पण संवाद स्पष्ट ऐकू येत असूनही पार्श्वसंगीत प्रत्येक हुंदक्याच्या आधी ‘आता रडा’ असे सांगत असेल, तर तो निर्णय चित्रपटकर्त्यांचा आहे आणि त्याबद्दल त्यांना खुशाल धारेवर धरावे.

उपशीर्षकांमुळे होणारी एक गंमत मराठी चित्रपटाच्या प्रेक्षकाने लक्षात ठेवावी. नटाने वाक्याचा शेवटचा शब्द उच्चारण्यापूर्वीच खाली इंग्रजी ओळ पूर्ण उमटलेली असते, सभागृह ती वाचून हसते आणि नटाची नेमकी साधलेली वेळ वाया जाते. अभिनयाविषयी लिहायचे असेल तर निदान महत्त्वाच्या प्रसंगी नजर ओळीवरून हटवून चेहऱ्यावर ठेवावी.

चित्रपट संपल्यावर लगेच कोणाशीही चर्चा करू नये. वाशीहून परतताना मी ट्रान्स हार्बरची लोकल पकडतो आणि प्रवासाचे सरळ दोन भाग करतो. सानपाडा, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली या स्थानकांपर्यंत वहीत केवळ आठवणारे प्रसंग लिहायचे: कोण कोठे उभे होते, हातात काय होते, आधी कोण बोलले, दृश्य कोठे तुटले. विशेषणाला बंदी. रबाळे सोडल्यावर मत लिहायला परवानगी. हे वरकरणी पोरकट वाटेल, परंतु अर्ध्या तासाच्या त्या प्रवासात एक गोष्ट हमखास घडते: बाहेर पडताना जो चित्रपट ‘जबरदस्त’ वाटला होता, त्याचे घणसोलीपर्यंत तीनच प्रसंग आठवतात आणि त्यांतही दोन गाणी असतात, उलट जो संथ वाटला होता, त्याची पाने संपत नाहीत. ठाण्यातच चित्रपट पाहिला असेल तर घोडबंदर रस्त्यावरची वाहतूक तेवढा वेळ आपल्याला न मागता देतेच.

मत लिहिताना प्रसंगाला कसे कामाला लावावे हे एका काल्पनिक उदाहरणाने दाखवतो. समजा टिपणात असे आहे: ‘मुलगा नोकरी गेल्याचे सांगतो, आई भांडी घासत असते, ती वळत नाही, नळ मात्र बंद करते.’ यावर ‘आईचे काम सुरेख झाले आहे’ असे लिहिले तर ते कोणीही लिहील. त्याऐवजी असे लिहावे: ‘बातमी ऐकल्यावर आई मागे वळत नाही, ती फक्त नळ बंद करते आणि पाण्याचा आवाज थांबल्यामुळे मुलाचे उरलेले वाक्य एकाएकी मोठे होऊन घरभर ऐकू येते, येथे दिग्दर्शकाने अश्रू न दाखवता काम भागवले आहे, मात्र लगेच सुरू होणाऱ्या व्हायोलिनने ते सारे धुऊन टाकले.’ या एका वाक्यात अभिनय, ध्वनी, दिग्दर्शन आणि संगीत या चारांवर मत आले आणि वाचणाऱ्याला ते स्वतः पडद्यावर पडताळून पाहता येईल. कथेचा सारांश दोन ओळींत आटपावा, आणि मध्यंतरानंतर उलगडणारी कोणतीही गोष्ट नावानिशी सांगू नये. तारे देऊच नयेत, असे माझे मत आहे.

प्रेक्षकाजवळ समीक्षकापाशी नसलेले एक भांडवल असते, ते म्हणजे त्याच्या स्वतःच्या जगण्याची माहिती, आणि ते वापरायला आपण उगाच लाजतो. रुग्णालयात काम करणाऱ्या बाईला सलाईनची नळी कोठे चुकली हे दिसते. शिक्षकाला वर्गातला गोंगाट खोटा आहे हे कळते. आमच्या भागातले उदाहरण द्यायचे तर आगरी बोलीचे देता येईल. चित्रपटांत ती बहुधा हशा पिकवण्यासाठी येते, हेल दुप्पट ताणलेला असतो आणि बोलणारा हमखास गळ्यात जाड सोनसाखळी घातलेला असतो. घणसोली किंवा ऐरोलीच्या गावठाणात वाढलेल्या प्रेक्षकाला ही बोली आजारपणाच्या, देण्याघेण्याच्या, मयताच्या प्रसंगी कशी बोलली जाते हे ठाऊक असते. त्याने ‘भाषा खटकली’ एवढ्यावर न थांबता कोणते वाक्य घरात तसे बोलले जात नाही आणि कसे बोलले जाते हे लिहावे. तेवढा एक परिच्छेद बाकीच्या दहा परीक्षणांत सापडणार नाही. मात्र ज्या बाबतीत आपल्याला माहिती नाही तेथे हाच अधिकार गाजवू नये. वऱ्हाडी संवाद ‘अस्सल’ असल्याचे प्रशस्तिपत्र मी नौपाड्यात बसून देऊ नये.

तिकिटाचा दर, पार्किंगचे पैसे आणि सामोशाची किंमत यांची नोंद पानाच्या तळाशी रेघ मारून वेगळी करावी, नाहीतर ती नकळत मतात झिरपते. मत बदलले तर आधीचे खोडू नये. त्याखाली नवी तारीख टाकून दुसरे टिपण लिहावे. त्या काळोख्या चित्रपटाच्या पानावर माझी पहिली ओळ अजून तशीच आहे, ‘छायाचित्रण अकारण काळोखे’, आणि तिच्याखाली वेगळ्या शाईत लिहिले आहे: ‘वाशी, संध्याकाळचा खेळ, मधली रांग. पितळी डबा दिसला.’