घरातल्या वस्तूंनी भिंतीवर टेक्स्चर कसे काढावे

भिंतीला टेक्स्चर, म्हणजे उठावाची नक्षी, करायचे म्हटले की दुकानात आधी रबरी नक्षीचे रोलर पुढे येतात. ते वाईट नसतात, पण रोलरचा एक फेरा पूर्ण झाला की तीच नक्षी पुन्हा उमटते आणि दहा फुटी भिंतीवर ही पुनरावृत्ती डोळ्याला चटकन कळते. गुंडाळलेली सुतळी, आइसक्रीमच्या डब्याचे झाकण किंवा वाळलेले घोसाळे यांचा ठसा मात्र दर वेळी थोडा वेगळा पडतो, म्हणून भिंत जिवंत दिसते. हत्याराची निवड हा यातला सोपा भाग आहे. खरे कसब लागते ते वेळ ओळखायला. पुट्टी (भिंतीवर लावायचा पांढरा लगदा) फार ओली असताना हात लावला तर नक्षी बसून जाते, उशीर केला तर थर खरवडून निघतो. मधली काही मिनिटे सापडली की साध्या वस्तूनेही देखणे काम होते.

आधी भिंत निवडा

टेक्स्चर म्हणजे उजेड-सावलीचा खेळ. उजेड समोरून पडणाऱ्या भिंतीवर उठाव दिसतच नाही, तो बाजूने तिरपा पडला तरच दिसतो. रात्री खोलीतले दिवे घालवा आणि टॉर्च भिंतीला अगदी चिकटवून धरा. भिंतीवरचे सगळे खड्डे-उंचवटे उभे राहतील. खिडकीला काटकोनात असलेली भिंत किंवा जिच्या वरच्या कडेला दिवा लावता येईल अशी भिंत या कामाला उत्तम.

घरातली एकच भिंत पुरे. चारही भिंतींना उठाव दिला की खोली लहान आणि कोंदट वाटते. शेगडीजवळची भिंत टाळा, कारण फोडणीचा तेलकट थर खाचांत बसला की निघत नाही. अरुंद बोळ आणि पलंगाची डोक्याकडची बाजूही नको. तिथे हाताची कोपरे घासतात आणि उशीचे अभ्रे फाटतात.

ओल आणि जुना रंग

एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर हवाबंद लावा आणि २४ तास तसाच ठेवा. आतून थेंब साचले तर भिंतीत ओल आहे. अशा भिंतीवर केलेले टेक्स्चर पापुद्रे धरून सुटते. आधी गळती शोधून बंद करा, भिंत वाळू द्या, मगच कामाला लागा. दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगकाम काढायची आपली रीत, पण कोकणात आणि मुंबईत पावसाने भिजलेल्या बाहेरच्या भिंती तेव्हा अजून पुरत्या सुकलेल्या नसतात. तिथे दिवाळीनंतरचे कोरडे दिवस जास्त सोयीचे. नवे सिमेंट प्लास्टर असेल तर ते पूर्ण पिकून सुकेपर्यंत, म्हणजे निदान चार आठवडे, थांबावे.

जुना चुना किंवा डिस्टेंपर ओल्या फडक्याने हाताला लागत असेल तर तो पुरता खरवडून काढावाच लागतो. चांगला चिकटलेला इमल्शन (पाण्यात मिसळणारा) रंग असेल तर १२० नंबरच्या घासपेपरने चकाकी मारा, धूळ पुसा आणि प्रायमरचा, म्हणजे वरचा थर नीट धरावा म्हणून लावायच्या अस्तराचा, एक हात द्या.

घासताना मास्क हवाच, साधा रुमाल चालत नाही. आणखी एक गोष्ट जपा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे भरपूर असू शकते. असा रंग कोरडा घासू नका. भिंत पाण्याने ओली करून घासा आणि लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी तर जुन्या घराच्या खडबडीत छताला तपासणीशिवाय हातही लावू नये. तिथे १९८० च्या दशकापर्यंतच्या अशा लेपांत अॅस्बेस्टॉस सापडतो.

कोणता माल, किती

कोऱ्या सिमेंटच्या भिंतीवर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी, म्हणजे रंगारी जिला लांबी म्हणतात ती, सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ. रंगवलेल्या भिंतीवर ती नीट धरत नाही. तिथे बादलीत तयार मिळणारी अॅक्रिलिक टेक्स्चर पेस्ट घ्यावी. प्लास्टर ऑफ पॅरिस नवशिक्याने टाळलेले बरे, कारण ते इतक्या लवकर घट्ट होते की विचार करायलाही सवड मिळत नाही.

सिमेंट पुट्टीचा थर साधारण दीड मिलिमीटरपेक्षा जाड झाला तर तडे जातात. म्हणून खोल, जाड उठाव हवा असेल तर तयार पेस्टच वापरा. दहा बाय दहा फुटी भिंतीवर एक मिलिमीटरचा थर द्यायला बारा ते पंधरा किलो पुट्टी लागते. सांडलवंड आणि नमुने धरून २० किलोची पिशवी आणावी.

बाकी सामान थोडके आहे: रुंद पत्रा (पुट्टी लावायचे पाते), मास्किंग टेप, दोन बादल्या, २२० नंबरचा घासपेपर, प्रायमर, इमल्शन आणि जुनी सुती फडकी.

नमुन्याची फळी

ही पायरी वगळायचा मोह होतो, पण ती वगळू नका. प्लायचा दोन बाय दोन फुटांचा तुकडा प्रायमर मारून वाळवा आणि त्यावर सगळे प्रकार करून पाहा. तुमच्या घरातल्या हवेत, पंखा बंद ठेवून, पुट्टीला किती मिनिटे मिळतात हे तिथेच कळते. मे महिन्यात नागपूरला जो वेळ मिळेल तो डिसेंबरात महाबळेश्वरला मिळणार नाही, त्यामुळे पिशवीवरचा आकडा फक्त अंदाजापुरता. फळी वाळली की ज्या भिंतीवर काम करायचे तिथे ती उभी करून सकाळी आणि रात्री पाहा. आवडली तरच पुढे जा.

पुट्टी लावणे

जमिनीवर कागद पसरा, कडांना टेप लावा, पंखा बंद करा. सिमेंटची भिंत असेल तर पाणी शिंपडून दमट करा. पाणी ओघळता कामा नये.

बादलीत आधी पाणी घ्या आणि त्यात पुट्टी टाकत ढवळा. उलटे केले तर तळाशी गुठळ्या राहतात. नेहमीच्या लांबीला किलोमागे ३६० ते ४०० मिली पाणी लागते. टेक्स्चरसाठी ३००-३२० मिली पुरते. दहा मिनिटे तसेच ठेवून पुन्हा ढवळा. लगदा श्रीखंडासारखा हवा, पत्र्यावर उचलला तर गळू नये. एका वेळी दोन-तीन किलोच कालवा. घट्ट होत चाललेल्या लगद्यात पुन्हा पाणी घालून तो वापरू नका, त्याची पकड गेलेली असते.

आधी एक पातळ हात देऊन भिंत सपाट करा आणि तो पूर्ण वाळू द्या. दुसरा हात टेक्स्चरचा. तो दोन ते तीन फूट रुंदीच्या उभ्या पट्ट्यात वरून खाली लावा. या कामाला दोघे लागतात: एक पुट्टी लावत पुढे जाईल, दुसरा मागून नक्षी काढत येईल. एकट्याने केले की तिसऱ्या पट्ट्यापर्यंत पहिला वाळलेला असतो. एकदा सुरू केलेली भिंत त्याच बैठकीत पुरी करा. मध्ये थांबलात तर सांधा कायमचा दिसतो.

आता ती नेमकी वेळ. नुकत्याच लावलेल्या पुट्टीवर पाण्याची चकाकी असते. थोड्या वेळाने ती चकाकी विझते आणि पृष्ठभाग मळकट दिसू लागतो. अशा वेळी बोट हलकेच टेकवा. बोटाला पुट्टी चिकटली नाही, पण बोटाचा ठसा स्पष्ट राहिला, तर लगेच नक्षीला हात घाला.

सुतळीचा रोलर

जुन्या रोलरची कापडी बाही काढून टाका आणि आतल्या नळीवर सुतळी तिरकी, आडवीतिडवी गुंडाळा. कुठे दोन पदर एकमेकांवर यावेत, कुठे अर्धा इंच मोकळी जागा राहावी. टोके नळीच्या आत खोचून गाठ मारा. वापरण्याआधी रोलर पाण्यात बुडवून झटकून घ्या. कोरडी सुतळी पुट्टीतले पाणी ओढते आणि थर उपटून आणते. वरून खाली एकाच दमात, हलक्या हाताने फिरवा. फिरवलेल्या जागी पुन्हा जाऊ नका. झाडाच्या सालीसारखा खडबडीत पोत उमटतो. सुतळीऐवजी काथ्या घेतला तर रेषा आणखी रांगड्या येतात.

झाकणाची फणी

आइसक्रीमच्या डब्याचे झाकण सरळ कापा आणि एका कडेला कात्रीने दाते पाडा. सगळे दाते सारखे ठेवू नका. दोन रुंद, एक अरुंद असा क्रम रेषांना हाताने काढल्याचा गोडवा देतो. मोठ्या भिंतीला काच पुसायच्या रबरी वायपरची पट्टी घेऊन तिच्यात खाचा करा. ती लवचीक असल्याने हाताला सोपी जाते.

फणी ४५ अंशांत धरा आणि दर ओढीनंतर ओल्या फडक्याने पुसा. न पुसता ओढली तर दातांत अडकलेला गोळा पुढची रेघ फाडतो. सरळ उभ्या रेषा दिसायला सोप्या, पण काढायला सर्वांत अवघड, कारण तसूभर वाकलेली रेघही दिसते. नवशिक्याने चटईची वीण काढावी: फूटभर चौकोनात आडव्या रेषा, शेजारच्या चौकोनात उभ्या. त्यात हाताची थरथर लपून जाते.

चुरगळलेले प्लास्टिक आणि घोसाळे

सामान झाकायला आणतो तसले पातळ प्लास्टिक भिंतीच्या पट्ट्यापेक्षा थोडे मोठे कापा, हातात चुरगळा, अर्धवट उलगडा आणि ओल्या थरावर टेकवा. तळहाताने दाबा, मग एका कोपऱ्यापासून सावकाश सोलून काढा. सुरकुत्यांचे जाळे उमटते, जुन्या कातड्यासारखे किंवा दगडाच्या शिरांसारखे. इथे चकाकी विझायची वाट पाहायची नाही, थर ओलाच हवा. आतल्या खोल्यांना मला स्वतःला हाच प्रकार सर्वांत आवडतो, कारण उठाव कमी असल्याने धूळ फारशी बसत नाही.

वेलीवर वाळलेले घोसाळे आडवे कापले की आत तीन कप्पे आणि भोवती तंतूंची जाळी दिसते. ही जाळी पुट्टीवर उठवण्यापेक्षा रंगाचा ठसा मारायला जास्त चांगली. बशीत रंग पातळ पसरून घोसाळे टेकवा, पहिला ठसा जुन्या वर्तमानपत्रावर मारून जादा रंग उतरवा आणि मग भिंतीवर या. दर ठशाला मनगट थोडे फिरवत जा. लांब तंतू असेच उभे चिरून फडक्याऐवजी वापरले तर झिरझिरीत रेषा मिळतात.

वरचा थर खरडून खालचा उघडा करणे

गोव्यात आणि सिंधुदुर्गात जुन्या देवळांच्या भिंतींवर तांबड्या पार्श्वभूमीवर पांढरी वेलबुट्टी दिसते. ती कावी कला. पांढऱ्या चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा थर द्यायचा आणि तो ओलसर असतानाच अणकुचीदार हत्याराने खरडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, अशी ती रीत. रंग वरून लावलेला नसून गिलाव्यातच मुरलेला असतो, म्हणून ही चित्रे इतकी टिकली. देवळातल्या कारागिराच्या हाताची सर आपल्याला येणार नाही, पण मूळ तत्त्व घरी वापरता येते आणि माझ्या मते कोणत्याही विकतच्या रोलरपेक्षा ते सुंदर दिसते.

पांढऱ्या पुट्टीचा पहिला थर पूर्ण वाळवून घासून घ्या आणि किंचित दमट करा. दुसऱ्या थरासाठी कोरड्या पुट्टीत किलोमागे ५० ग्रॅम लाल ऑक्साइडची रंगभुकटी आधी कोरडीच मिसळा, मग पाण्यात कालवा. पांढऱ्या सिमेंटमुळे रंग विटकरी-गुलाबी येतो. जास्त गडद हवा तर शंभर ग्रॅमच्या आत राहा, त्यापुढे थर कमजोर होतो. हा थर अगदी पातळ द्या. नखाने ओरखडा ओढल्यावर कडा न फाटता स्वच्छ रेघ पडू लागली की खरडायला घ्या.

दाभण, खिळा, रिकामे बॉलपेन, काहीही चालते. वर्तुळांसाठी दोरीच्या एका टोकाला खिळा आणि दुसऱ्या टोकाला दाभण बांधा. एकाच त्रिज्येने परिघावरून सहा वर्तुळे फिरवली की मधोमध सहा पाकळ्यांचे फूल आपोआप तयार होते. निघणारा भुगा मऊ कोरड्या ब्रशने झाडा. फुंकर मारू नका, तो डोळ्यांत जातो. पूर्ण भिंत भरायची गरज नाही. दाराभोवतीची वीतभर पट्टीही उठून दिसते.

रंग चढवणे

पुट्टी निदान २४ तास वाळू द्या. २२० नंबरचा घासपेपर नुसता वरवर फिरवून टोचणारी टोके मोडा, नाहीतर हात खरचटतात. प्रायमरचा एक हात आणि इमल्शनचे दोन हात द्या. खोल खाचांत रोलर पोचत नाही, तिथे ब्रशने रंग कोंबावा लागतो. कावीच्या भिंतीला यातले काही नको, वाळल्यावर फक्त पाण्यावर आधारित मॅट क्लिअर कोटचा (चकाकी नसलेल्या पारदर्शक लेपाचा) एक हात पुरे.

उठावाला खोली येते ती पुढच्या हातात. मूळ रंगाहून दोन छटा गडद इमल्शन घ्या, त्यात दुप्पट पाणी घाला आणि तीन फुटांच्या तुकड्यात ब्रशने फासा. दोन-चार मिनिटांत ओलसर सुती फडक्याने वरचा रंग पुसून घ्या. खाचांत गडद राहतो, उंचवट्यांवर मूळ रंग परत दिसतो. फडके सतत घडी बदलून स्वच्छ बाजूने वापरा. याउलट उंचवटे उजळायचे असतील तर ब्रश रंगात बुडवून जवळजवळ कोरडा होईपर्यंत कागदावर पुसा आणि भिंतीवरून नुसता घासत न्या. सोनेरी किंवा मोतिया रंग असाच लावावा आणि कमीच लावावा.

मास्किंग टेप शेवटचा हात पुरता कडक होण्याआधी तिरका ओढून काढा. उरलेला रंग झाकणबंद बाटलीत भरून वर छटेचा क्रमांक आणि पाण्याचे प्रमाण लिहून ठेवा, कारण खिळा ठोकल्यावर किंवा खुर्ची आदळल्यावर टचअपला तोच लागेल. भिंतीची धूळ महिन्यातून एकदा मऊ ब्रशने वरून खाली झाडावी. ओल्या फडक्याने खसाखसा पुसल्यास धूळ खाचांत चिखल होऊन बसते.