जुनं स्पॅनिश पुस्तक तपासताना: आधी ताव मोजा

स्पॅनिश सुवर्णयुगाचा (सोळाव्या-सतराव्या शतकातल्या साहित्याचा) नवा अभ्यासक बहुधा थेट पहिल्या प्रकरणाकडे वळतो. परवाना, शुद्धिपत्र, किंमत, अर्पणपत्रिका ही सुरुवातीची पानं सरकारी खर्डेघाशी समजून उलटली जातात. पण पुस्तक केव्हा आणि कोणत्या क्रमाने छापलं, हातातली प्रत पुरी आहे का, हे त्याच पानांतून कळतं. मजकुरावर मत बनवण्याआधी अर्धा दिवस त्यांना द्यावा.

1558 च्या राजाज्ञेनंतर कॅस्टिलमध्ये, म्हणजे स्पेनच्या मुख्य राज्यात, क्रम असा होता: लेखक हस्तलिखित राजपरिषदेकडे देई. ते मंजूर झालं की पानापानावर चिटणिसाची खूण होई. छापखाना आधी फक्त मजकूर छापी, शीर्षकपान नाही. छापलेलं मूळ प्रतीशी ताडून शुद्धिपत्र निघे, मग परिषद दर तावाची किंमत ठरवी. हे सगळे कागद आल्यावरच सुरुवातीची पानं छापली जात. म्हणजे वाचताना जे आधी येतं, ते छापलं शेवटी. (1554 चं ‘लासारियो’ ही छोटी कादंबरी या नियमाआधीची, त्यात हे कागद शोधू नका.)

पहिली पायरी तारखांची. परवाना, शुद्धिपत्र आणि किंमत यांच्या तारखा एकाखाली एक लिहून काढा. सर्वान्तेसच्या ‘दोन किहोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या पहिल्या भागात त्या 26 सप्टेंबर, 1 डिसेंबर आणि 20 डिसेंबर अशा आहेत, तिन्ही 1604 च्या. शीर्षकपान मात्र 1605 सांगतं. मजकुराची छपाई पहिल्या दोन तारखांच्या मधली, जेमतेम दोन महिन्यांची. फक्त शीर्षकपानावरचं साल उतरवून घेणारा इथेच चुकतो.

मग ताव मोजा. याच पुस्तकाच्या किंमतपत्रात 83 ताव आणि दर तावाला साडेतीन मारावेदी (तेव्हाचं स्पॅनिश नाणं) असा हिशेब आहे. एकूण 290 मारावेदी आणि वर अर्धा. ताव दोनदा दुमडला की 4 पानं (म्हणजे 8 पृष्ठं) होतात, म्हणून 83 तावांची 332 पानं व्हायला हवीत. आता पानांच्या तळाशी असलेली खुणेची अक्षरं पाहा. छापणारा हुआन दे ला कुएस्ता एकात एक दोन ताव घालून 8 पानांची जुडी करी. ए ते झेड 23 जुड्या (तेव्हा आय-जे आणि यू-व्ही एकच धरत आणि डब्ल्यू नव्हतं), पुढे दुहेरी ए ते दुहेरी क्यू 16. एकूण 39 जुड्या, 312 पानं. सुरुवातीची 12 आणि शेवटची क्रमांक नसलेली 8 मिळवली की 332. हिशेब जुळला.

नाही जुळला, तर आधी दोन्ही टोकं तपासा. पुठ्ठ्यालगतची पानं सर्वांत लवकर जातात. हरवलेल्या पानांच्या जागी पुढे नक्कल केलेली पानं बसवलेलीही आढळतात. शंका आली की पान उजेडासमोर धरा. या आकाराच्या पुस्तकात कागदातल्या ठळक रेषा आडव्या जातात आणि जलचिन्ह शिवणीत दडलेलं असतं. रेषा उभ्या दिसल्या तर ते पान परकं. माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या डिजिटल प्रती वाचायला उत्तम, पण प्रत पुरी आहे असा निर्वाळा पडद्यावर पाहून देऊ नये.

मोजताना छापील क्रमांकांवर विसंबू नका. ते पानाला असतात, पृष्ठाला नाही, आणि सर्रास चुकलेले असतात. अक्षरखुणा जास्त भरवशाच्या. पृष्ठाच्या तळाशी पुढच्या पृष्ठाचा पहिला शब्द छापलेला असतो. तोही जुळवून पाहा. जुडीतली काही पृष्ठं दाटीवाटीची, शब्दांचे संक्षेप भरलेली, आणि काही सैल दिसली तर त्याचा दोष लेखकाकडे नाही. तावाच्या एका बाजूची पृष्ठं एकदम छापायची असल्याने खिळे जुळवणारे मजकूर आधीच अंदाजाने वाटून घेत. अंदाज चुकला की शब्द कोंबले जात, कधी गाळलेही जात. संशयास्पद वाचन आढळलं तर आधी ते पृष्ठ दाट आहे का ते बघा.

शुद्धिपत्राची तारीख घ्या, ग्वाही घेऊ नका. ‘दोन किहोते’च्या शुद्धिपत्रावर मूळ प्रतीशी न जुळणारं नोंद घेण्याजोगं काही नाही असा शेरा आहे, आणि पुस्तकात चुका भरपूर. नायकाचा सेवक सांचो याचं गाढव चोरीला गेल्याचा प्रसंगच नाही. ते अचानक नसतं आणि पुढे अचानक असतं. चोरीचा मजकूर त्याच छापखान्याच्या 1605 च्या दुसऱ्या आवृत्तीत आला. दोन्ही आवृत्त्या वेगळ्या ओळखायच्या तर शीर्षकपान पाहा: दुसरीवर कॅस्टिल, आरागोन आणि पोर्तुगाल अशा तीन राज्यांचा हक्क छापलेला आहे. कारण लिस्बनमध्ये तोवर चोरट्या आवृत्त्या निघाल्या होत्या.

1625 ते 1634 या काळातली नाटकं आणि कादंबऱ्या हाती आल्या तर जास्त सावध राहा. कॅस्टिलमध्ये त्यांना परवानेच बंद होते. मग कॅस्टिलमधल्याच सेव्हियात छापायचं आणि शीर्षकपानावर बार्सेलोना किंवा सारागोसा टाकायचं, असा धंदा चाले, कारण ही दोन शहरं आरागोनच्या राज्यांत होती आणि तिथे ती बंदी नव्हती. अशा वेळी शहराचं नाव बाजूला ठेवून खिळे बघा. तुटलेलं मोठं अक्षर किंवा झिजलेला नक्षीचा ठसा, तोच, तसाच, खात्रीच्या पत्त्याच्या दुसऱ्या पुस्तकात भेटला की छापखान्याचा माग लागतो. मात्र ठसे उसने दिले-घेतले जात, म्हणून एका खुणेवर थांबू नका.